टकरीनंतरची धूळ

२०२२ साली घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ तारखेच्या पहाटे पावणेपाचच्या सुमाराला, ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीपुढची गर्दी ओसरली होती आणि कल्याणात दुर्गाडीची चढण चढायला माणसे अजून निघायची होती. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळालेले भाग्यवान पुन्हा डुलक्या घेत असतील. नेमक्या त्याच वेळी, चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी, पृथ्वीपासून सुमारे एक कोटी दहा लाख किलोमीटरवर माणसाने आपल्या इतिहासात प्रथमच एका लघुग्रहाला जाणूनबुजून धडक दिली.

धडक देणाऱ्या यानाचे नाव ‘डार्ट’, धडक खाणाऱ्याचे ‘डायमॉर्फस’. हा जेमतेम दीडशे मीटरचा दगडांचा गोळा ‘डिडिमॉस’ नावाच्या थोरल्या लघुग्रहाभोवती फिरतो. यानाचा वेग होता सेकंदाला सहा किलोमीटरहून थोडा अधिक. ठाणे ते कल्याण हे रेल्वेचे अंतर वीस किलोमीटर. जलद लोकलला ते कापायला वीसेक मिनिटे लागतात, आणि सिग्नल लाल झाला तर किती लागतील ते देवच जाणे. या यानाने तेच अंतर सव्वातीन सेकंदांत कापले असते.

वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी धडकेची बातमी दिली, छायाचित्र छापले आणि विषय संपला. वृत्तपत्रांचे तसेच असते, आम्हीही त्याला अपवाद नाही. पण या घटनेतला खरा मौजेचा भाग धडकेनंतर सुरू झाला. जे फुटले, उडाले, त्याचे पुढे काय झाले? अवकाशात ढिगारा उपसायला कोणी येत नाही. तो खाली पडत नाही, कारण तिथे ‘खाली’ नावाची दिशाच नाही. मग तो जातो कुठे?

आपल्या डोळ्यांना फुटण्याची जी सवय आहे ती दिवाळीच्या बाणाची. तलावपाळीवर उभे राहून वर पाहावे, तर बाण फुटताच ठिणग्यांचे गोल फूल उमलते. क्षणभर ते अगदी रेखीव असते. मग हवा ठिणग्यांना अडवते, गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढते, वारा धूर एका बाजूला नेतो आणि मिनिटाभरात आकाश पुन्हा काळे होते. या साऱ्यात फुलाचा आकार मोडणारे तिघे आहेत: हवा, जमीन आणि वारा. अवकाशात पहिले दोघे नाहीत. तिसरा मात्र आहे, आणि तो म्हणजे सूर्यप्रकाश.

डार्टच्या पाठोपाठ ‘लिचिया’ नावाचा इटलीचा एक चिमुकला उपग्रह सोडलेला होता. धडकेनंतर तीनेक मिनिटांनी तो जवळून गेला आणि त्याने छायाचित्रे घेतली. त्यांत ढिगाऱ्याचा आकार उघड्या छत्रीसारखा, रुंद तोंडाच्या नरसाळ्यासारखा दिसतो. त्यातून धुळीच्या लांब लांब रेघा निघालेल्या आहेत. निदान दहा लाख किलो माल उडाला असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. मालगाडीचे सहासात डबे भरतील एवढा! कल्याण यार्डात वाघिणींच्या रांगा पाहणाऱ्यांना यावरून कल्पना यावी. उडवणारे यान मात्र सहाशे किलोंच्याही आतले होते.

पहिले काही तास हे नरसाळे तसेच पसरत राहिले. मग सतरा-अठरा तासांनी हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्याला पीळ पडू लागलेला दिसला. जे कण सावकाश निघाले होते, त्यांना डिडिमॉस आणि डायमॉर्फस या जोडगोळीच्या दुबळ्या का होईना, पण गुरुत्वाकर्षणाने मागे खेचले, वळवले, आणि नरसाळ्याची भिंगरी झाली. वेगाने निघालेल्यांना हे बंधन नव्हते. ते सुटले ते सुटलेच. त्यानंतर शेपूट फुटली. दोनच दिवसांत चिलीतल्या दुर्बिणीतून ती दहा हजार किलोमीटरहून लांब दिसत होती, आणि ऑक्टोबरात तर हबलला एकाऐवजी दोन शेपट्या दिसल्या. धूमकेतूला शेपूट असते हे शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. दगडाच्या गोळ्याला शेपूट फुटताना पहिल्या क्षणापासून पाहण्याची ही पहिलीच वेळ.

ही शेपूट येते कशी? याचे उत्तर कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. मुरबाड-शहापूरकडे भात झोडपून झाले की वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून ते उफणतात. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट त्याहून पुढे, आणि फोलपट दूर उडून जाते. वारा तोच असतो, फरक वजनाचा. सूर्यप्रकाशाचा दाब इतका क्षीण आहे की आपल्याला तो उन्हात उभे राहूनही जाणवत नाही. पण पिठाच्या कणाएवढ्या धुळीला वजन जवळजवळ नसतेच, अंग मात्र असते. तिच्यावर हा दाब दिवसरात्र पडत राहतो आणि ती सूर्याच्या विरुद्ध बाजूला ढकलली जाते. वाळूएवढे कण मागे राहतात, खडे त्याहून मागे. म्हणजे शेपूट ही सूर्याने केलेली उफणणी आहे. तिच्यात टोकापासून बुडापर्यंत कणांची प्रतवारी लागलेली असते आणि नुसती शेपूट मोजून कोणत्या आकाराचा माल किती उडाला ते सांगता येते.

उफणणीत न हलणारे दाणेही सापडले. २०२२ च्या डिसेंबरात हबलला डायमॉर्फसभोवती अतिशय फिकट असे सदतीस ठिपके दिसले. ते मोठे धोंडे होते, एक मीटरपासून सुमारे सात मीटरपर्यंतचे. त्यांचा वेग ताशी एक किलोमीटरच्याही आत, म्हणजे संध्याकाळी बागेत फेरी मारणाऱ्या आजोबांपेक्षा कमी. त्यांच्यावर सूर्यप्रकाशाचा परिणाम शून्यवत. ते आपले डुलत डुलत निघाले आहेत.

निसर्गात अशा टकरी रोज कुठे ना कुठे होत असणार, पण त्या घडताना कोणी पाहत नाही. आपल्याला दिसतो तो नंतरचा पसारा. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका शोधदुर्बिणीला मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यात एक विचित्र वस्तू दिसली. हबलने जवळून पाहिले तर शेपटीच्या तोंडाशी इंग्रजी एक्स अक्षरासारखी फुली! शेपटीचे मोजमाप उलटे चालवल्यावर कळले की फुटण्याची घटना जवळजवळ वर्षभर आधीची, २००९ च्या सुरुवातीची होती. हा लघुग्रह दुसऱ्याने धडकून फुटला की स्वतःच्याच गरगर फिरण्याने विस्कटला, यावर तज्ज्ञांत वाद झाला. पण फुटल्याची तारीख शेपटीनेच सांगितली. इथे ढिगारा पंचनाम्याचे काम करतो.

हे झाले दिवसांचे आणि महिन्यांचे. वर्षे जातील तसे काय होईल? ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पाहिलेल्यांनी आठवून पाहावे. सुरुवातीला सगळे एका घोळक्यात असतात, अर्ध्या तासात रांग लांबलचक होते. समजा ही शर्यत सरळ रस्त्यावर नसून गोल मैदानात असती आणि कधीच संपली नसती, तर पुढचे मागच्यांना गाठत, ओलांडत गेले असते आणि शेवटी सारे वर्तुळ माणसांनी भरून गेले असते. कोण पहिला आणि कोण शेवटचा हे सांगता आले नसते. फुटलेल्या लघुग्रहाचा प्रत्येक तुकडा हा सूर्याभोवती फिरणारा स्वतंत्र ग्रहच बनतो. सूर्याच्या किंचित जवळून जाणारा किंचित जोरात धावतो. हजारो वर्षांत ढगाची रेघ होते, रेघेचे कडे होते. मग गुरू हात घालतो. त्याच्या ओढीने प्रत्येक कक्षेची पातळी सावकाश गिरक्या घेते, प्रत्येकीची वेगळ्या गतीने, आणि सपाट कड्याची जाड, फुगीर मेदूवड्यासारखी वळी तयार होते. ही नुसती कल्पना नव्हे. १९८३ साली ‘आयरास’ उपग्रहाने उष्णतेच्या किरणांत आकाश पाहिले तेव्हा सूर्यमालेच्या पातळीच्या वर आणि खाली धुळीचे असे पट्टे सापडले.

धूळ पसरते, पण मोठे तुकडे आपली ओळख सोडत नाहीत. जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामा यांनी १९१८ मध्ये लघुग्रहांच्या कक्षा तपासताना पाहिले की काही गटांतल्या कक्षांचे अंतर, तिरकेपणा आणि लंबगोलपणा जवळजवळ एक आहे. एकाच घरातून फुटून निघालेली भावंडे, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्या गटांना ‘कुटुंबे’ म्हटले. कुटुंब शब्द आम्हांला फार समर्पक वाटतो. भाऊ वेगळे होतात, एक डोंबिवलीला, एक बदलापूरला, एक थेट अमेरिकेला. पण नाक आणि चालण्याची ढब लपत नाही. २००२ साली ‘कारिन’ नावाच्या कुटुंबातल्या लघुग्रहांच्या कक्षा संगणकावर उलट्या फिरवल्या, तेव्हा सुमारे ५८ लाख वर्षांपूर्वी त्या साऱ्या एका जागी येऊन जुळल्या. वेगळे झाल्याचा दिवस सापडला!

ही भावंडे एकमेकांपासून दूर का जातात, यामागचे कारण डोंबिवलीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात रोज समजते. दिवसभर तापलेली स्लॅब संध्याकाळी सातलाही गरमच असते आणि पंखा रात्री बारापर्यंत गरम वाराच फेकतो. लघुग्रहाचेही तसेच. त्याचा ‘दुपारनंतरचा’ भाग जास्त तापलेला असतो आणि तो उष्णता बाहेर टाकतो. उष्णता टाकताना त्याला उलट्या बाजूने अगदी सूक्ष्म रेटा बसतो. यार्कोव्हस्की या इंजिनिअरने शंभरावर वर्षांपूर्वी ही गोष्ट सुचवली होती. रेटा नगण्य, पण कोट्यवधी वर्षे लागोपाठ बसणारा. लहान तुकडे जास्त सरकतात, मोठे कमी. स्वतःभोवती कोणत्या दिशेने फिरतो यावर तो सूर्याकडे सरकणार की सूर्यापासून दूर, ते ठरते. म्हणून जुन्या कुटुंबाचा नकाशा काढला तर मधोमध थोरले आणि दोन्ही बाजूंना लांब गेलेले धाकटे असा पंख्यासारखा आकार दिसतो, आणि पंखा किती उघडला यावरून वय काढता येते.

सरकता सरकता एखादा तुकडा अशा जागी येतो की त्याच्या तीन फेऱ्या आणि गुरूची एक फेरी यांचा मेळ बसतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिले की तो उंच जातो. इथे गुरू तो धक्का देतो. तुकड्याची कक्षा ताणली जाते, मंगळाला ओलांडते, पृथ्वीपर्यंत येते. मग एके दिवशी तो काटोलला पडतो.

काटोल हे नाव आम्ही उगीच घेतलेले नाही. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल शहरावर आणि आसपास आकाशातून दगड पडले. मोठे आवाज झाले, लोक घाबरले, मग शोधाशोध झाली आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे गोळा केले. तपासणीत हा अशनी ‘एल’ जातीचा ठरला. पृथ्वीवर पडताना पाहिल्या गेलेल्या दर दहा अशनींपैकी जवळजवळ चार याच जातीचे असतात, तेव्हा यात नवल वाटू नये. नवल पुढे आहे. या जातीच्या बहुतेक दगडांत एका भीषण टकरीचा ठसा आहे, आणि ती टक्कर सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीची आहे. स्वीडनमधल्या चुनखडीच्या एका खाणीत त्याच काळातल्या थरांत शंभराहून अधिक ‘जीवाश्म अशनी’ सापडले आहेत, जवळजवळ सगळे याच जातीचे. म्हणजे तेव्हा फुटलेल्या एका मोठ्या लघुग्रहाचे तुकडे त्या काळी पृथ्वीवर धो धो पडले, आणि त्याच घराण्याचे दगड आजही पडत आहेत. हे घराणे ‘मासालिया’ कुटुंबाचे असावे, आणि तिथे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी पुन्हा एक टक्कर झाली असावी, असा दावा २०२४ मध्ये झाला.

काटोलच्या दगडाने आणखी एक गोष्ट जपून आणली होती. २०२१ साली खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्याच्या बारीक वितळलेल्या शिरांमध्ये ‘ब्रिजमनाइट’ हे खनिज सापडल्याचे जाहीर केले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात विपुल आहे, पण साडेसहाशे किलोमीटरहून खोल, जिथून ते हाती लागत नाही. ते घडायला वातावरणाच्या दोन लाखांहून अधिक पट दाब लागतो. हा दाब एका छोट्याशा दगडाला मिळाला कुठून? एका लघुग्रहाने दुसऱ्यावर आदळण्याच्या क्षणी. त्या क्षणाची खूण विदर्भातल्या एका गावात पोचली आणि कोणीतरी ती उचलून ठेवली म्हणून वाचली. लोणारचे विवर दोन किलोमीटरच्या आसपास रुंद आणि डोळ्यांत भरणारे. काटोलचा तुकडा मुठीत मावणारा. आमच्या मते दोघांची योग्यता सारखी आहे.

आता या साऱ्याचा ठाणे-डोंबिवलीच्या संसाराशी काय संबंध, असा प्रश्न रविवारचा चहा पिता पिता कोणी विचारील. तर २०२५ च्या फेब्रुवारीची आठवण करून देतो. ‘२०२४ वायआर४’ नावाचा सुमारे साठ मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तेव्हा तीन टक्क्यांच्या वर गेली होती, आणि संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होता. आठवड्याभरात अधिक मोजमापे आली आणि धोका जवळजवळ शून्यावर आला. पण त्या आठवड्यात ‘बॉम्बने उडवून का देत नाहीत?’ हा प्रश्न गाडीतल्या गप्पांत आणि घरोघरी विचारला गेला असेल. १९९८ च्या हॉलिवूडपटांनी आपली तशी समजूत करून ठेवली आहे.

उडवून दिलेला लघुग्रह नाहीसा होत नाही, याचेच वर्णन आपण इतका वेळ केले. त्याचे तुकडे जवळजवळ त्याच वाटेने येत राहतात, फक्त एकाऐवजी अनेक होतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. त्यापेक्षा पुरेसा आधी हलका धक्का देणे शहाणपणाचे, आणि डार्टने नेमके तेच करून पाहिले. डायमॉर्फसची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती सुमारे ३३ मिनिटांनी घटली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची असे आधी ठरले होते! एवढा जास्त परिणाम झाला तो यानामुळे कमी आणि ढिगाऱ्यामुळे जास्त. बंदुकीची गोळी पुढे जाताना दस्ता खांद्याला मागे ढकलतो. तसा मागे उडालेल्या मालाने लघुग्रहाला पुढे रेटा दिला. नुसत्या धडकेने जेवढा बसला असता त्याच्या साडेतीन पटींहून अधिक. पण दुसरा लघुग्रह अखंड खडकाचा निघाला तर इतका माल उडणार नाही, आणि हिशेब चुकेल. म्हणून उडालेल्या धुळीचा पाठलाग करणे ही विद्वानांची हौस नव्हे. युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले ते याच जोडगोळीकडे, २०२६ च्या अखेरीस पोचून धडकेची जागा जवळून तपासण्याच्या बेताने.

आपल्याकडे यासाठी करण्यासारखे थोडे आहे, पण आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड हवेतच फुटला. दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, आणि बहुतेक काचांनी. आधी प्रकाश दिसला, लोक खिडकीशी धावले आणि थोड्या वेळाने धक्क्याची लाट आली. काचांचे काय होते हे डोंबिवलीकरांना वेगळे सांगायला नको. २६ मे २०१६ च्या एमआयडीसीतल्या स्फोटानंतर दूरदूरच्या इमारतींत लोकांनी केरसुणीने काचा गोळा केल्या आहेत. घोडबंदर रस्त्याच्या काचेच्या टॉवरांत राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला तर खिडकीपासून लांब व्हावे, फोटो नंतर काढावा. आणि गच्चीवर खरोखरच काळ्या कवचाचा जड दगड सापडला तर तो धुऊ नये, फोडून वाटून घेऊ नये, देव्हाऱ्यात ठेवून कुंकू लावू नये. लोहचुंबक तर मुळीच लावू नये, कारण दगडाने आणलेली चुंबकीय स्मृती त्याने पुसली जाते. कोरड्या स्वच्छ पिशवीत घालावा, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. हे प्रत्येक शाळेत विज्ञानाच्या तासाला दहा मिनिटांत सांगता येईल. कोणी सांगत असेल तर आम्हांला ठाऊक नाही. सांगत नसतील, तर सुरुवात करायला अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही.

एरवी आकाश पाहायला या भागात आता जागा उरलेली नाही. कल्याण-डोंबिवलीच्या गच्चीवरून शुक्र, गुरू आणि चंद्र दिसतात, बाकी सारा दिव्यांचा पिवळा धुरळा. आकाशवेडी माणसे कर्जतची लोकल धरून वांगणीला उतरतात, सतरंज्या पसरतात आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का मोजतात. त्या उल्काही एका लघुग्रहाच्या, ‘फेथॉन’च्या, सांडलेल्या धुळीच्या आहेत.

डायमॉर्फसच्या धुळीचेही गणित मांडून झाले आहे. तिच्यातले सर्वांत चपळ, अगदी बारीक कण काही वर्षांत मंगळापर्यंत आणि कदाचित पुढे पृथ्वीपर्यंत पोचू शकतील असे निघते. आले तर मे महिन्याच्या आसपास येतील. वांगणीला तेव्हा उकाडा आणि डास दोन्ही भरपूर असतात.